लिम्फोमा आणि अँटिबॉडीचे उपचार: रिपोर्टपासून शेवटच्या ड्रिपपर्यंत

डिचोलीत आमच्या घरी मी पाचवी ते सातवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. २०२३ च्या मे महिन्यात मला लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची, पहिली खूण दिसली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात शेवटची ड्रिप झाली. त्यानंतर ओळखीतल्या आणि अनोळखी अशा बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं, ‘ती अँटिबॉडी म्हणजे नक्की काय? किती खर्च येतो? त्रास होतो का?’ प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. माझ्या बाबतीत काय झालं ते सांगू शकते आणि कुठल्या वेळी काय विचारावं ते सांगू शकते.

गाठ आणि पहिली सुई

डाव्या बाजूला गळ्याच्या हाडाच्या जरा वर एक गाठ लागत होती. दुखत नव्हती. दाबली की रबरासारखी हलायची. दोन-तीन आठवड्यांत ती डोळ्यांनाही दिसायला लागली. मे महिन्यातला आमच्याकडचा उकाडा सगळ्यांना माहीत आहे, पण पहाटे उशीचा अभ्रा पिळून काढावा इतका घाम वेगळाच होता. पुढे डॉक्टरांनी तीनच गोष्टी नेमक्या विचारल्या: ताप येतो का, रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम येतो का, आणि सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं का. या तिन्हींची उत्तरं आठवून, तारखांसकट कागदावर लिहून न्या. तिथे बसल्यावर काही आठवत नाही.

मे महिन्याच्या शेवटी एका खासगी दवाखान्यात एफएनएसी केली, म्हणजे बारीक सुईनं गाठीतल्या पेशी काढून तपासल्या. रिपोर्टात काहीच स्पष्ट नव्हतं. आपल्याकडे मानेची गाठ म्हटलं की आधी टीबीचाच विचार होतो, आणि तो चूक नाही, कारण बऱ्याचदा ती टीबीचीच निघते. मलाही ‘टीबीची औषधं सुरू करून बघू’ असं सांगण्यात आलं. आमचे हे म्हणाले, ‘बघू म्हणून सहा महिन्यांची औषधं कशी घ्यायची? आधी नक्की काय ते कळू दे.’ म्हणून आम्ही बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात गेलो. सकाळी केस पेपरची रांग, मग ओपीडी, मग सर्जनना दाखवणं. त्यांनी गाठ चाचपली आणि सांगितलं की सुईत नुसत्या सुट्या पेशी येतात, गाठीची रचना कळत नाही. लिम्फोमाची शंका असेल तर अख्खी गाठ काढूनच तपासायला हवी.

जूनच्या मध्यावर गाठ काढली. लोकल भूल, चार टाके, संध्याकाळी घरी. पाऊस नुकताच लागला होता आणि टाके ओले होऊ नयेत म्हणून घरी जाताना मुलानं गाडीत प्लास्टिक धरलं होतं.

ज्या रिपोर्टासाठी थांबावंच लागतं

मला सगळ्यांत जास्त याच भागाबद्दल सांगायचं आहे. अँटिबॉडी म्हणजे एका ठरावीक खुणेलाच जाऊन चिकटणारं प्रथिन, मला ते औषध म्हणून ड्रिपमधून दिलं. पण अँटिबॉडीचे उपचार ड्रिप लागते त्या दिवशी सुरू होत नाहीत, ते रिपोर्टातल्या एका ओळीपासून सुरू होतात.

पहिला रिपोर्ट आठवड्यात आला. त्यात ‘नॉन-हॉजकिन लिम्फोमा, आयएचसी करावी’ एवढंच होतं. आयएचसी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे पातळ काप काढून वेगवेगळे रंग चढवतात आणि पेशीच्या अंगावर कुठली प्रथिनं आहेत ते बघतात. आमचा ब्लॉक त्यासाठी एका बाहेरच्या लॅबकडे पाठवावा लागला. आठ-साडेआठ हजार रुपये भरले. आठवडा झाला, दहा दिवस झाले, फोन केला की ‘प्रोसेसमध्ये आहे’. शेवटी मुलगा स्वतः जाऊन उभा राहिला तेव्हा कळलं की रिपोर्ट तयार होऊन चुकीच्या ईमेलवर गेला होता. तेव्हा ब्लॉक देताना पावती घ्या, पावतीवरचा नंबर नीट लिहून ठेवा आणि रिपोर्ट कुठे येणार ते त्यांच्याकडून वाचून घ्या.

त्या काळात घरात सगळे घाबरलेले. दीर म्हणाले, ‘कॅन्सर आहे हे कळलंय ना, मग औषध सुरू का करत नाहीत?’ ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कॅन्सरचे डॉक्टर, मात्र ठाम होते. लिम्फोमाचे पुष्कळ प्रकार आहेत. काही बी-पेशींचे, काही टी-पेशींचे (या दोन्ही आजारांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी). काही इतके सावकाश वाढतात की नुसती नजर ठेवतात, काही आठवड्यांत वाढतात. औषध प्रकारावर ठरतं. चुकीच्या प्रकारावर बरोबर औषध दिलं तरी उपयोग नाही.

रिपोर्ट आला तो असा: डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. सीडी३ (टी-पेशींवरचं प्रथिन) निगेटिव्ह. सीडी२० पॉझिटिव्ह. केआय-६७ ऐंशी टक्के.

ते ‘ऐंशी टक्के’ वाचून माझे हातपाय गळाले. डॉक्टरांनी समजावलं की केआय-६७ म्हणजे किती पेशी वाढीच्या मार्गावर आहेत त्याचं माप. हा प्रकार वेगानं वाढतो हे खरं, पण याच प्रकारात पूर्ण बरं होण्याच्या हिशेबानं उपचार करतात. सावकाश वाढणारे फॉलिक्युलरसारखे प्रकार वर्षानुवर्षं आटोक्यात राहतात, पण सहसा समूळ जात नाहीत. मग त्यांनी ‘सीडी२० पॉझिटिव्ह’ या शब्दांखाली पेननं रेघ मारली. ‘या ओळीमुळे तुम्हाला रिटुक्सिमॅब देता येईल.’ हीच ती अँटिबॉडी.

ही अँटिबॉडी करते काय

सीडी२० हे बी-पेशींच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन. निरोगी बी-पेशींवरही असतं, आजारी बी-पेशींवरही. पण ज्या मूळ पेशींपासून रक्त तयार होतं त्यांच्यावर ते नसतं आणि तयार अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवरही नसतं. रिटुक्सिमॅब नेमकं सीडी२० ला जाऊन चिकटतं. जनगणनेचे लोक घरोघर जाऊन दारावर खूण करून जातात, तशी ही अँटिबॉडी पेशीवर खूण करते, आणि मग शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा खूण केलेल्या पेशी शोधून मारते. निरोगी बी-पेशीही त्यात जातात, पण मूळ पेशी शाबूत असल्यामुळे काही महिन्यांनी नव्या तयार होतात. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा जरा हायसं वाटलं.

एकाच प्रकारची अँटिबॉडी प्रयोगशाळेत हवी तितकी तयार करण्याची रीत जॉर्ज कोहलर आणि सेझर मिलस्टाईन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजला शोधली. १९८४ मध्ये त्यांना आणि नील्स येर्ने यांना नोबेल मिळालं. रिटुक्सिमॅबला अमेरिकेत नोव्हेंबर १९९७ मध्ये मान्यता मिळाली, तीही लिम्फोमासाठीच. आपल्याकडे डॉ. रेड्डीज कंपनीनं २००७ मध्ये त्याचं बायोसिमिलर, म्हणजे त्याच अँटिबॉडीची दुसऱ्या उत्पादकानं बनवलेली आवृत्ती, बाजारात आणलं. आता तशी आणखीही आहेत आणि त्यामुळेच आमच्यासारख्यांना हे औषध परवडतं. ‘मूळ परदेशी ब्रँडच हवा का?’ असं मी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, इथे बहुतेक सगळ्यांना बायोसिमिलरच देतो, निकाल चांगले आहेत, ते पैसे पीईटी स्कॅनला ठेवा, म्हणजे आजार अंगात कुठे कुठे आहे ते दाखवणाऱ्या तपासणीला.

माझ्या आजारात ही अँटिबॉडी एकटी देत नाहीत. आर-चॉप असं त्या जोडणीचं नाव: रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन. दर एकवीस दिवसांनी एक, अशा सहा सायकल.

परळची फेरी

मुंबईला परळच्या टाटा मेमोरियल या कॅन्सरच्या इस्पितळात दुसरं मत घ्यायचं ठरलं. जुलैच्या मध्याला थिवीहून कोकणकन्येनं निघालो, पहाटे दादरला उतरलो. नणंद डोंबिवलीला असते म्हणून राहण्याची चिंता नव्हती. ज्यांचं कोणी नाही त्यांनी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत चौकशी करावी, टाटाला येणारे कितीतरी रुग्ण तिथे राहतात.

टाटा मेमोरियलला जाताना नुसते रिपोर्ट नेऊ नका. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही न्या. तिथले पॅथॉलॉजिस्ट स्वतः बघितल्याशिवाय पुढे जात नाहीत. ब्लॉक मिळवायला आधी ज्या ठिकाणी बायप्सी झाली तिथे अर्ज द्यावा लागतो. आम्ही तो दोन दिवस आधी दिला होता, म्हणून गाडीच्या वेळेत हातात पडला. ब्लॉक सामानात उन्हात किंवा गाडीच्या बोनेटजवळ ठेवू नका, शेवटी ते मेण आहे. मी ते रुमालात गुंडाळून पर्समध्येच ठेवले होते.

पीईटी-सीटी मुंबईतच करून घेतलं. सहा तास उपाशी, आदल्या दिवशी धावपळ नाही, आधी रक्तातली साखर तपासतात. किरणोत्सारी ग्लुकोज टोचून तासभर एका खोलीत शांत बसवतात, बोलायचंही नाही. त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बाई यांच्यापासून काही तास लांब राहायला सांगतात. नणंदेची सून तेव्हा सातव्या महिन्यात होती, म्हणून आम्ही रात्रीपर्यंत दादरलाच वेळ काढला. स्कॅनमध्ये मानेत, छातीत आणि पोटातल्या गाठी दिसल्या. छाती-पोटामधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना असल्या की तिसरी स्टेज. निदान तेच पक्कं झालं, उपचारही तेच सांगितले. ‘गोव्यात घ्या, घराजवळ बरं पडेल,’ असं त्या डॉक्टरबाईंनी स्वतःहून सांगितलं. परतीच्या गाडीत मला शांत झोप लागली.

हेपेटायटिस बीची ती एक तपासणी

इथे जरा थांबून वाचा. रिटुक्सिमॅबच्या आधी हेपेटायटिस बी तपासणं अत्यावश्यक आहे. नेहमीच्या ‘व्हायरल मार्कर’मध्ये एचबीएसएजी असते, म्हणजे विषाणू आत्ता अंगात आहे का ते बघणारी तपासणी, ती माझी निगेटिव्ह होती. पण डॉक्टरांनी अँटी-एचबीसी टोटल ही आणखी एक करायला लावली आणि ती पॉझिटिव्ह आली. म्हणजे केव्हातरी, मला पत्ताही न लागता, हा विषाणू येऊन गेला होता. बी-पेशी नाहीशा झाल्या की यकृतात दडून बसलेला विषाणू पुन्हा डोकं वर काढू शकतो आणि यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. त्यासाठी एन्टेकाव्हिर ०.५ मिलिग्रॅमची रोज एक गोळी, उपाशीपोटी. उपचार संपल्यावरही निदान वर्षभर चालू. मला दीड वर्ष सांगितली आहे.

तुमच्या यादीत अँटी-एचबीसी नसेल तर विचारा. एवढं एक वाक्य मी प्रत्येक फोनवर सांगते.

बाकी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली, कारण डॉक्सोरुबिसिन हृदयावर ताण आणतं. कमरेच्या हाडातून बोन मॅरोचा, म्हणजे हाडातल्या मगजाचा, नमुना तपासायला काढला, दुखतं पण दहा मिनिटांत संपतं. दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन एक किडलेला दातही काढून घेतला.

कार्ड, कागद, पैसे

आमच्याकडे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड होतं. २०१६ पासून ही योजना गोव्यात आहे. गोव्यात पाच वर्षं राहिलेल्या कुटुंबाला मिळतं. २०२३ मध्ये तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चौघे किंवा जास्त असतील तर चार लाख मिळायचे. सासूबाई धरून आम्ही चौघे. कार्डाचं नूतनीकरण झालंय का ते आधी बघा, आणि निवडलेलं इस्पितळ योजनेत आहे का तेही. मी पणजीच्या बाजूच्या एका खासगी इस्पितळाच्या डे-केअरमध्ये उपचार घेतले. तिथे दर सायकलच्या आधी मंजुरी मागवावी लागायची. बायप्सी, आयएचसी, पीईटी आणि उपचारांचा आराखडा यांच्या प्रती, कार्ड, आधार आणि फोटो असा संच लागतो. मुलानं पहिल्याच दिवशी सहा संच झेरॉक्स करून फाइलीत लावून टाकले. दर तीन आठवड्यांनी सकाळी झेरॉक्सचं दुकान शोधायची वेळ आली नाही.

माझ्या उंची-वजनाप्रमाणे शरीराचं क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर निघालं. रिटुक्सिमॅब दर चौरस मीटरला ३७५ मिलिग्रॅम, म्हणून ६०० मिलिग्रॅम. ५०० ची एक बाटली आणि १०० ची एक. आमच्या बिलावर ही दोन मिळून पंचवीस हजारांच्या आसपास जायची, बाकीची चारही औषधं मिळून त्याच्या बऱ्याच खाली. माझ्या बाबतीत कार्डातून मोठा भाग सुटला. आयएचसी, मुंबईची फेरी, स्कॅन, गाडीभाडं आणि मधल्या तपासण्या मात्र खिशातून गेल्या, आणि शिकवण्या बंद असल्यानं माझी मिळकतही थांबली होती. पैशांचं बोलायला संकोचू नका. डे-केअरच्या डेस्कवर बसणाऱ्या मुलीला मी पहिल्याच दिवशी सरळ विचारलं, ‘बाय, कार्डात काय बसतं आणि काय बसत नाही ते मला लिहून दे,’ आणि तिनं लिहून दिलं.

१ ऑगस्ट, पहिली ड्रिप

आदल्या दिवशी सिस्टरचा फोन आला: बीपीची सकाळची गोळी घेऊ नका. या औषधानं रक्तदाब खाली जाऊ शकतो, म्हणून ती बारा तास आधी थांबवतात. तुम्ही बीपीच्या गोळ्या घेत असाल तर स्वतःहून विचारा, मनानं बंद करू नका.

सकाळी पेज खाऊन निघालो. वजन, उंची, रक्तदाब. औषध फ्रिजमधून बर्फाच्या डब्यातून आलं. दोन सिस्टरनी माझं नाव, फाइलीचा नंबर आणि बाटलीवरचा आकडा एकमेकींना मोठ्यानं वाचून दाखवले. मग रिअॅक्शन येऊ नये म्हणून पॅरासिटामॉल, अॅव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन. अॅव्हिलनं डोळे जड होतात. सव्वादहाला पंपावर पन्नासचा आकडा लागला, म्हणजे तासाला पन्नास मिलिग्रॅम. दर अर्ध्या तासानं बीपी बघायचं आणि आकडा पन्नासनं वाढवायचा, अशी रीत.

शंभरला काही झालं नाही. दीडशेवर गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत घशात खवखव सुरू झाली. मग हनुवटी थरथरायला लागली, आणि पुढच्या मिनिटाला सगळं अंग असं कापू लागलं की पलंगाची दांडी खडखडत होती. मी ‘सिस्टर’ म्हणायच्या आत सिस्टर आल्या, नळीचा क्लॅम्प बंद केला, सलाईन सोडलं, इंजेक्शन दिलं, वर दोन ब्लँकेटं घातली. माझा हात धरून म्हणाल्या, ‘भियेनाका गो बाय, पयल्या दिसा जाताच हें.’ (घाबरू नका, पहिल्या दिवशी हे होतंच.) डॉक्टर येऊन बीपी बघून गेले. अर्ध्या-पाऊण तासात थंडी उतरली. मग निम्म्या वेगानं पुन्हा सुरू केलं आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास बाटली संपली. चॉपची औषधं दुसऱ्या दिवशी दिली.

हे बाहेर बसलेल्या घरच्यांना आधी सांगून ठेवा. आमचे हे काचेतून बघत होते, त्यांना वाटलं औषध मला सोसत नाही, आता उपचार बंद. तसं नसतं. पहिल्या वेळी शरीरात आजारी पेशी भरपूर असतात, अँटिबॉडीनं त्या एकदम मरू लागल्या की त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या रसायनांनी ताप-थंडी येते. शिवाय रिटुक्सिमॅबचा काही भाग उंदराच्या अँटिबॉडीपासून घेतलेला आहे, त्यालाही शरीर विरोध करतं. पुढच्या वेळी बहुतेकांना त्रास कमी होतो. मला दुसऱ्या सायकलला फक्त कान गरम झाले, आणि ड्रिप दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत संपली. घसा खाजला, छाती आवळली, अंगावर गांधी उठल्या, नुसतं काहीतरी वेगळं वाटलं तरी लगेच सांगा. सिस्टरना त्याचा कंटाळा येत नाही, उलट त्यांना तेच हवं असतं.

आणि मानेतली उरलेली गाठ? पहिल्या सायकलनंतर आठवड्याभरात बोटांना लागेनाशी झाली. मी रोज रात्री चाचपून बघत होते. सासूबाईंचा हात धरून त्यांनाही दाखवलं, ‘बघा, नाही लागत.’ त्यांनी तिथेच देवाला नारळ बोलला.

एकवीस दिवसांचा फेरा

प्रेडनिसोलोन पाच दिवस, रोज शंभर मिलिग्रॅम. सकाळी खाऊनच घ्या, नाहीतर रात्री डोळा लागत नाही. सहाव्या दिवशी ते थांबलं की अंगातलं बळ एकदम जातं आणि मनही खचतं. हे गोळ्यांमुळे होतंय हे माहीत असलं की निभावता येतं. डॉक्सोरुबिसिनचं औषध लाल, त्यामुळे दिवसभर लघवी लाल होते, ते रक्त नव्हे. व्हिन्क्रिस्टिननं बोटांची टोकं बधिर होतात. तिसऱ्या सायकलपासून मला ब्लाउजचे हूक लावता येईनात, म्हणून पुढून चेनचे गाऊन शिवून घेतले. बद्धकोष्ठ होतं, पहिल्या दिवसापासून औषध मागून घ्या. केस ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात उशीवर दिसायला लागले. नणंदेनं फोनवर सांगितल्याप्रमाणे आधीच बारीक कापून घेतले होते, तरी त्या दिवशी रडले.

जेवणात कच्चं काही नाही. कोशिंबीर बंद, बाहेरचं बंद, नुस्तं, म्हणजे मासळी, ताजं आणि नीट शिजवलेलं. कुणी पपईच्या पानांचा रस आणला, कुणी काढे आणले. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी स्वच्छ नाही म्हटलं. यकृतावर आधीच एवढा भार असताना मी तो रस घेतला नाही, आणि आणणाऱ्यांचे आभार मानून तसं सांगितलं.

तिसरी सायकल १२ सप्टेंबरला झाली आणि १९ ला चवथ. सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी असतात. घरात गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधली, भाऊबंद आले, मी मागच्या खोलीत मास्क लावून बसले. २० तारखेला दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन झालं आणि रात्री दहाच्या सुमारास मला ताप चढला, १०१. आम्हाला सांगून ठेवलं होतं: १००.४ च्या वर गेला की पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघत बसायचं नाही, तडक निघायचं. डॉक्टरांनी लेटरहेडवर एक चिठ्ठी दिली होती, ‘केमोथेरपीचा रुग्ण, ताप आहे, ताबडतोब सीबीसी, ब्लड कल्चर आणि शिरेतून अँटिबायोटिक द्यावे’. ती फाइलीच्या पहिल्याच पानाला लावलेली होती. कॅज्युअल्टीत ती चिठ्ठी दाखवली आणि आमचा नंबर लगेच लागला. अँटिबायोटिक तासाभरात सुरू झालं. काही दिवस राहून घरी आले. अशी चिठ्ठी तुमच्या डॉक्टरांकडून नक्की मागून घ्या. रात्री ड्युटीवर असलेल्या नव्या डॉक्टरला सगळी हकीकत सांगण्याइतकं त्राण रुग्णात नसतं.

त्यानंतर दर सायकलच्या दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी वाढवणारं पेगफिलग्रास्टिमचं इंजेक्शन सुरू झालं. कमरेची आणि मांड्यांची हाडं ठणकतात, दोन दिवसांत थांबतात. पुन्हा तसा ताप आला नाही.

ऑक्टोबरात दसऱ्याच्या दिवशी डे-केअर बंद म्हणून पाचवी सायकल २५ ला झाली. त्याच महिन्यात पेपरात बातमी आली की आयआयटी मुंबई आणि टाटा यांनी मिळून केलेल्या कार-टी पेशींच्या उपचाराला (रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर बदलून पुन्हा अंगात सोडतात तो), नेक्सकार१९ ला, भारतात मान्यता मिळाली. मुलानं कात्रण डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, ही फार मोठी गोष्ट आहे, पण ती आजार परत आला किंवा हटलाच नाही तर. अँटिबॉडीतही आता पुढचे प्रकार आले आहेत: अँटिबॉडीला थेट औषधच जोडलेलं पोलाटुझुमॅब व्हेडोटिन, आणि एका हातानं सीडी२० व दुसऱ्या हातानं आपली टी-पेशी धरणाऱ्या बायस्पेसिफिक अँटिबॉडी. आज ज्याला पहिल्या औषधानं गुण येत नाही त्यालाही पुढे काही आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या बाबतीत आजार परतला असेल तर पुन्हा बायप्सी आणि पुन्हा सीडी२० तपासायला सांगा. रिटुक्सिमॅबनंतर काहींच्या पेशींवरचं सीडी२० नाहीसं झालेलं असतं.

शेवटची ड्रिप आणि नंतर

१५ नोव्हेंबरला सहावी झाली. दिवाळीचे दिवस होते, सिस्टरना घरचे फोव, म्हणजे पोहे, दिले. जानेवारीत, शेवटच्या औषधानंतर सात-आठ आठवडे जाऊ देऊन, पुन्हा पीईटी केलं. लवकर केलं तर उपचारांमुळे आलेली सूजही स्कॅनमध्ये चमकते. रिपोर्टात डोव्हिल स्कोअर असतो, एक ते पाच. एक किंवा दोन म्हणजे चांगलं, तीन बहुतेकदा चांगलंच, चार-पाच आले तर पुढचा विचार. माझा दोन आला. डॉक्टर म्हणाले, ‘कम्प्लीट रिस्पॉन्स.’ बरं झालं असं ते एवढ्यात म्हणत नाहीत, पहिली दोन वर्षं सगळ्यांत जपायची.

हे लिहिताना २०२५ चा जानेवारी चालू आहे. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी जायचे: मान-काख-जांघ तपासणी, सीबीसी आणि एलडीएच या रक्ताच्या तपासण्या, आणि यकृताच्या तपासण्या त्या एन्टेकाव्हिरमुळे. स्कॅन दर वेळी करत नाहीत, मीही त्यासाठी हट्ट धरत नाही. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी उपचार संपून सहा महिने झाल्यावर घेतल्या. बी-पेशी नसताना लस घेतली तरी शरीर तिला दाद देत नाही. जिवंत विषाणूच्या लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. बोटांची बधिरता हातांतून गेली, पायांत थोडी आहे. केस आले, आधीपेक्षा कुरळे.

जून २०२४ पासून शिकवण्या पुन्हा सुरू केल्या, आधी पाचच मुलं, खिडक्या उघड्या ठेवून, सर्दी-ताप असेल त्यानं यायचं नाही या अटीवर. एन्टेकाव्हिरची गोळी अजून चालू आहे, मे महिन्यापर्यंत. ती संपल्यावरही वर्षभर यकृताच्या तपासण्या करत राहायचं आहे, त्यांच्या तारखा मी आताच कॅलेंडरवर लिहून ठेवल्या आहेत. डिचोली, सत्तरी भागातल्या कुणाच्या हातात असा रिपोर्ट आला आणि त्यातल्या ओळी कळेनात, तर दुपारी शिकवणी सुरू व्हायच्या आधी घेऊन या. उपचार मी सांगणार नाही, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते आपण बसून लिहून काढू.